शून्यावर पडणं फुकट आहे: डी अँड डीचे जखमा, मरण आणि उपचारांचे नियम बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून पात्रं खेळायच्या खेळात गेल्या सेशनला आमच्यातल्या एकाचं पात्र, आमचा रेंजर, मेला. आधीच अर्धमेला होता, आउलबेअर या राक्षसाच्या एका फटक्यात शून्य हिट पॉइंटवर (म्हणजे जीव मोजायचा आकडा संपून) बेशुद्ध पडला. पुढच्या टर्नला डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि राक्षस खेळवणारा) त्या जनावराचे दोन्ही हल्ले पडलेल्या रेंजरवरच केले. बेशुद्ध माणसाला पाच फुटांच्या आतून लागलेला फटका आपोआप क्रिटिकल, म्हणजे जबर फटका, असतो आणि प्रत्येक क्रिटिकलला दोन डेथ सेव्ह (पडलेल्याने जगण्यासाठी टाकायचे फासे) फेल धरतात. दोन फटक्यांत चार फेल झाले, आणि मरायला तीनच पुरतात. नियमाने सगळं चोख होतं. तरी नंतर अर्धा तास भांडण झालं ते एकाच मुद्द्यावर, डीएमने मुद्दाम मारलं का?

माझ्या मते या भांडणाला डीएम नाही, नियम जबाबदार आहेत. पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम आम्ही मनापासून खेळलो, आता २०२४च्या नियमांवर आलोय. बाकी खेळावर माझं प्रेम आहे. पण शून्य हिट पॉइंटचा हा एक नियम मला सतत टोचतो.

मुळात शून्याच्या खाली मोजणीच नाही. फायटरचे पाच हिट पॉइंट उरलेत आणि ओगरने वीसचा फटका मारला, तर उरलेले पंधरा हवेत विरतात. उरलेला आकडा त्याच्या कमाल हिट पॉइंटएवढा किंवा जास्त असेल तरच जागच्या जागी मरण, आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलनंतर ते क्वचितच होतं. मग क्लेरिक (उपचार करणारं पात्र) साठ फुटांवरून हीलिंग वर्ड हा उपचाराचा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकतो. त्याला बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) पुरते, त्यामुळे त्याच टर्नला तो दुसरंही काही करू शकतो. फायटर निम्मी चाल खर्चून उठतो आणि पूर्ण ताकदीने तलवार चालवतो. एक हिट पॉइंट असो की पन्नास, हात तितकाच चालतो.

यातून टेबलवर वाईट सवय लागते. ओगरचा फटका सरासरी तेराचा आणि २०१४चं क्युअर वून्ड्स हे उपचाराचं स्पेल क्लेरिकच्या गुणाची भर (मॉडिफायर) धरून सात-आठ भरून काढणार. मग माणूस उभा असताना स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) कशाला खर्च करायचा? पडू दे, मग उठवू. आमचा क्लेरिक हे उघड बोलायचा आणि हिशोबाने त्याचं बरोबरच होतं. काटकसर मलाही प्रिय आहे. पण मित्र कोसळण्याची वाट बघणारा क्लेरिक मला बघवत नाही.

आता डीएमच्या बाजूने बघा. राक्षसांनी पडलेल्याला सोडून दिलं तर धोका उरत नाही. पडलेल्यावर हल्ला केला तर तो वैयक्तिक वाटतो. मधला रस्ता नियमांनी ठेवलेलाच नाही. एकटे डेथ सेव्ह चांगले आहेत. दहा किंवा वर आलं तर पास, एक आला तर दोन फेल, वीस आला तर एक हिट पॉइंट घेऊन शुद्धीवर. कोणी मदत केली नाही तरी वाचण्याची शक्यता साधारण साठ टक्के. तो फासा पडताना सगळे श्वास रोखतात. पण क्लेरिक जागा असला तर तो फासा टाकायची वेळच फारशी येत नाही.

जुने नियम असे नव्हते. १९७४च्या मूळ खेळात शून्य म्हणजे मरण. अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या पहिल्या आवृत्तीत पडलेल्याचा दर राउंडला एक पॉइंट गळायचा, उणे दहाला मरण, आणि वाचलाच तर आठवडाभर सक्तीची विश्रांती. आज आठ तास झोपलं की सगळे हिट पॉइंट परत. मला तो आठवडा नकोय, पण पडण्याची काहीतरी किंमत असावी.

२०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमधला कायमच्या जखमांचा तक्ता आम्ही वापरून पाहिला. वीसच्या फाशावर एक ते तीन आलं तर डोळा, हात किंवा पाय जातो. लवकरच बंद केला. राक्षस एकदाच लढून मरतो, आपलं पात्र पूर्ण कॅम्पेन लढतं, म्हणून भुर्दंड नेहमी आपल्याच माथी. गेलेला हात परत आणायचा तर सातव्या लेव्हलचं रीजनरेट स्पेल लागतं, ते पाचव्या लेव्हलच्या पार्टीने, म्हणजे पात्रांच्या गटाने, आणायचं कुठून?

मग घरचा नियम केला, शून्यावरून उठलं की एक लेव्हल एक्झॉशन, म्हणजे थकवा. २०१४च्या एक्झॉशनच्या तक्त्यात हे फार जड गेलं. थकव्याच्या तिसऱ्या लेव्हलला हल्ला आणि सेव्ह दोन्हींवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), त्यामुळे दोन लढाया झाल्या की सगळे झोपायची जागा शोधायला लागायचे.

२०२४ आलं तेव्हा मी नाराज होतो. क्युअर वून्ड्स २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे), हीलिंग वर्ड २डी४, उपचाराचं पोशन बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे खेळ आणखी मऊ केला असं वाटलं. खेळल्यावर मत बदललं. उपचार दणकट झाल्यामुळे उभ्या माणसावर स्लॉट खर्च करणं परवडायला लागलं. आणि एक्झॉशन नेमकं आम्हाला हवं होतं तसं झालं, दर लेव्हलला वीसच्या फाशावर उणे दोन आणि चाल पाच फूट कमी. डेथ सेव्हसुद्धा त्यात येतात. म्हणजे आमच्या घरच्या नियमाने एकदा उठवलेला माणूस पुन्हा पडला तर त्याला दहाऐवजी बारा लागतात, तिसऱ्यांदा चौदा. क्लेरिक आता आधीच हाक मारतो, “मागे सर, मी बरा करतो.” हे वाक्य आमच्या टेबलवर पूर्वी ऐकायला मिळत नव्हतं.

पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत पडण्याची किंमत मुळातच आहे. डाइंग (मरणाकडची मोजणी) चारला गेली की मरण, आणि उठलेल्याला वून्डेड (जखमी) हा आकडा चिकटतो, तो पुढच्या वेळी डाइंगमध्ये जोडला जातो. सगळे नियम ऑनलाइन फुकट वाचता येतात, जरूर वाचा.

मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफाय स्पेलवर जास्त बोलत नाही. मेल्यापासून एका मिनिटाच्या आत, तीनशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा जाळून. डीएमने हिरे दुर्मीळ ठेवले तर ठीक, नाहीतर मरण म्हणजे फक्त खरेदी.

एक अडचण शिल्लक आहे. एक्झॉशनचा भार पुढे उभ्या राहणाऱ्यावरच पडतो. आमची बार्बेरियन सगळ्यांसाठी मार खाते आणि दमतेही तीच, मागचा विझार्ड ताजातवाना. म्हणून सध्या शॉर्ट रेस्टमध्ये (तासाभराच्या विश्रांतीत) हीलर्स किटचा, म्हणजे प्रथमोपचाराच्या साहित्याचा, एक वापर खर्चून एक लेव्हल उतरवू देतो. पाच नाण्यांत दहा वापर, आणि वर्षानुवर्षं पिशवीत पडून असलेल्या वस्तूला काम मिळालं. तरी दोन लढायांमध्ये शॉर्ट रेस्ट मिळाली नाही तर तिचे हाल होतातच. कोणाकडे यावर चांगला तोडगा असेल तर मला हवा आहे.

फक्त या नियमांसाठी नवीन महागडं पुस्तक घेऊ नका. सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२ अधिकृतपणे मोफत आहे, डेथ सेव्ह, एक्झॉशन, उपचारांचे स्पेल सगळं त्यात आहे. आम्ही त्याची लागतील तेवढीच पानं छापून घेतली.