सुइत इतालिएन, आठ महिन्यांनी: पानंही सुटली आणि पेर्गोलेझीही

रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीची 'सुइत इतालिएन' ही व्हायोलिन-पियानोची रचना वाजवतोय. सहाव्या महिन्यात तिच्यातल्या तारान्तेल्लाची, म्हणजे जलद नाचाच्या तुकड्याची, पानं सुटली. बाहेरून मागवलेली प्रत. टपालखर्च धरून एवढ्या पैशांत व्हायोलिनच्या तारांचे चार संच आले असते. विक्रेत्याने आधी फोटो मागवले, मग कळवलं, "हा वापराचा परिणाम." नोटेशन वाजवायला नाही, तर काय देव्हाऱ्यात ठेवायला घेतलं होतं?

भांडायला मुद्दे हवेत म्हणून थोडं वाचलं, तर दुसराच घोळ निघाला. मी पैसे मोजले पेर्गोलेझी या अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराच्या नावावर. त्याच्या चालींवरून स्त्राविन्स्कीने 'पुल्चिनेल्ला' हा बॅले केला (पॅरिस, 1920, नेपथ्य पिकासोचं) आणि 1930 नंतर दुश्किन या व्हायोलिनवादकाबरोबर त्यातून ही सहा तुकड्यांची रचना काढली, एवढं ठाऊक होतं. पण पहिला तुकडा निघाला दोमेनिको गाल्लो या दुसऱ्याच संगीतकाराचा. गाव्होत, तीही नाचाचीच, मोन्झा नावाच्या आणखी एकाची. आणि माझी सुटलेली तारान्तेल्ला वासेनार नावाच्या डच सरदाराची, ज्याने आपलं नाव छापूच दिलं नव्हतं! हे उघड झालं 1980 च्या सुमारास. पेर्गोलेझी 1736 मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला आणि त्याच्या नावावर पुढे वाटेल ते खपलं. सेरेनाता हा तुकडा आणि मिनुएत हा नाच मात्र खरंच त्याचे. म्हणजे लेबल एकाचं, माल चौघांचा.

पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर म्हणालो असतो, सोपं आहे, जुनंच संगीत, जरा मीठ वाढवलेलं. ते मत मागे घेतो. चाल आणि खर्ज बहुतेक जुनेच, पण मधले स्वर हट्टाने भलतीकडे उभे. पियानो वाजवणारी मैत्रीण पहिले दोन आठवडे विचारत होती, "इथे छापण्यात चूक आहे का?" नव्हती. फिनालेत, म्हणजे शेवटच्या भागात, आघात असे पडतात की सम हुकल्यासारखी वाटते. मोजत राहिलो तर जमतं, मजा यायला लागली की हमखास चुकतो. मिनुएत मात्र संथ, आणि डावा हात नीट बसला नसेल तर सगळ्यांना ऐकू जातं.

चिकटपट्टी शेवटी लावलीच नाही. सुटी पानं स्टँडवर शेजारी शेजारी मांडली, तर तारान्तेल्लात पान उलटण्याची धांदलच संपली! आठ महिन्यांत पहिल्यांदा ती न थांबता वाजली.

विक्रेत्याला एक स्टार दिलाय. तो काढणार नाही.