स्लॅब फोडून काढलेली खडी की क्रशरची काळी खडी?

जुळे सोलापुरातलं आमचं जुनं घर पाडलं, तेव्हा स्लॅबचे तुकडे टाकून द्यायचे की फोडून-चाळून परत वापरायचे, हा प्रश्न पडला. मी दोन्ही खड्या वापरल्या.

ताकदीची भीती बहुतेकांना वाटते, मला ती फारशी नव्हती. जुन्या स्लॅबमधली खडीही शेवटी इथल्याच काळ्या दगडाची. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार काँक्रीट फोडून केलेली खडी एम २५ पर्यंतच्या आरसीसीत (सळ्यांचं काँक्रीट; एम म्हणजे ताकदीची श्रेणी) २० टक्के, साध्या, बिनसळ्यांच्या काँक्रीटमध्ये म्हणजे पीसीसीत २५ टक्के आणि एम १५ च्या खालच्या पीसीसीत पूर्ण १०० टक्के चालते. त्यात विटा-माती मिसळलेली नको. माळवद, म्हणजे जुनं मातीचं धाबं, पाडून निघालेला राडारोडा म्हणजे ही खडी नव्हे.

मला खरा त्रास दिला तो पाण्यानं. जुन्या खडीला सिमेंटचा थर चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. काळी खडी त्या मानानं काहीच पीत नाही. मिक्सरमधून छान निघालेला माल पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत घट्ट व्हायचा, आणि गवंड्याचा हात लगेच पाइपकडे जायचा. वरून असं पाणी मारलं की ताकद गेलीच. उपाय सगळ्यांना माहीत आहे: खडी आदल्या दिवशी भिजवायची, गोणपाटानं झाकायची, निथळू द्यायची. पण काम मे महिन्यातलं, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. टँकर मागवायचा आणि तो खडीवर ओतायचा? तेच पाणी मला स्लॅबच्या क्युरिंगला, म्हणजे भरलेला स्लॅब ओला ठेवायला, हवं होतं. दोन कॉलम भरले आणि मी थांबलो.

स्लॅबला क्रशरची खडी आणली. पैसे जास्त गेले, पण माल शेवटपर्यंत एकसारखा राहिला. उरलेली जुनी खडी पाया आणि पार्किंगखालच्या पीसीसीत घातली. तिथं ती मला मनापासून आवडली. राडारोडा वाहून न्यायचा खर्चही बराच वाचला. पार्किंगला अजून भेग नाही.

प्रत्येकाची साइट वेगळी, त्यामुळे माझंच खरं असं म्हणत नाही. बोअरला पाणी असेल आणि काम दिवाळीनंतर निघणार असेल, तर आरसीसीतही २० टक्के घालून बघायला हरकत नाही. फक्त त्याच खडीच्या काँक्रीटचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) आधी भरा आणि २८ दिवसांचा रिझल्ट हातात आल्यावरच स्लॅबची तारीख ठरवा.