एकाच राणीला दोन-दोनदा माती : लातुरातल्या तीन रविवारच्या स्लाइड शोचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगतो. औसा रोडला एका क्लासच्या वरच्या हॉलमधे, तीन रविवार, संध्याकाळी सहा ते आठ, माणशी 300 रुपये, आणि विषय काय तर इजिप्तच्या राण्यांना एकदा पुरून झाल्यावर परत उकरून दुसरीकडं का पुरलं. बोर्ड बघून मी हसलोच, म्हणलं ट्यूशनच्या गावात याला कोण येणार. पण आत्याला मोबाईलवर ममीचे व्हिडिओ बघायचा लई नाद, ती मागंच लागली, मग दोघांचे 600 भरले. वसूल झाले, फक्त तिसऱ्या रविवारी जरा घोळ झाला, ते पुढं सांगतो.

शिकवणारे सर रिटायर प्राध्यापक आहेत. शाप-बिप, रहस्य-बिहस्य काही नाही, पहिल्याच दिवशी म्हणले की ही सगळी ऑफिसच्या कामासारखी भानगड आहे. आमच्या लिंगायतात पुरतातच, त्यामुळं मातीला गेलेल्यांना एक माहीत असतं की एकदा माती दिली की परत तिथं कुदळ लावायची नाही. म्हणून हे ऐकायलाच विचित्र वाटत होतं.

सुरुवात हेटेफेरेस राणीपासून केली, म्हणजे खुफूची आई, ज्याचा गिझाचा मोठा पिरॅमिड. 1925 मधे रायझनर नावाच्या अमेरिकन माणसाच्या टीमला तिथंच जवळ एक खड्डा सापडला, साधारण 27 मीटर खोल, खाली सोन्याचा पत्रा मढवलेला पलंग, खुर्ची, चांदीच्या बांगड्या आणि बंद दगडी पेटी. 1927 ला ती पेटी उघडली तर आत राणीच नाही! रायझनरचं म्हणणं असं की आधीचं थडगं दहशूरला, म्हणजे पिरॅमिडांच्या दुसऱ्या एका जागी होतं, ते चोरांनी फोडलं, मग उरलेलं सामान आणून गुपचूप इथं पुरलं, आणि मुडदाच गायब आहे हे खुफूला कुणी सांगितलंच नाही. लेनर नावाचा दुसरा अभ्यासक उलटं सांगतो, की आधी इथं पुरलं आणि नंतर तिला तिच्या स्वतःच्या पिरॅमिडात हलवलं. सरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि कुठली खरी ते आमच्यावर सोडून दिलं, मला ते आवडलं. आत्या मात्र चिडली, म्हणली एवढे पैसे घेऊन नक्की काय ते सांगत न्हाईत व्हय.

दुसरा रविवार सगळ्यात भारी. थिब्ज या जुन्या राजधानीजवळ राजांची दरी आहे, म्हणजे राजांना पुरायची जागा, तिथली थडगी लुटली जायला लागली, राज्य ढिलं पडलं, तेव्हा एकविसाव्या घराण्याच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या आधी साधारण 1000 च्या आसपास, थिब्जच्या अमून देवाच्या पुजाऱ्यांनी जुन्या राजा-राण्यांना बाहेर काढलं, नवीन कापडात गुंडाळलं, कापडावर शाईनं साल आणि कुणाच्या हुकुमानं केलं ते लिहिलं आणि बऱ्याच जणांना एकेका भोकात कोंबलं. हे पुण्याचं काम होतं पण तेवढंच नव्हतं, कारण गुंडाळताना सोनंही उतरवून घेतलं. मेरितामून राणीचं उदाहरण दिलं, विन्लॉक नावाच्या अमेरिकन संशोधकाला 1930 च्या सुमारास थिब्जजवळच्याच दैर अल-बहरीला सापडलेली. तिच्या शवपेटीवरचं सोनं गेलेलं, आणि दुरुस्तीवाल्यांनी त्या जागी पिवळा रंग मारलेला. आत्या मोठ्यानं म्हणली, "म्हणजे बेन्टेक्स घातलं की ओ सर!" अख्खा हॉल हसला, सरही हसले, आणि पुढचा तासभर सगळे बेन्टेक्सच म्हणायलेत. त्यावर कळस म्हणजे नंतर तिच्याच थडग्यात पुजारी-राजा पिनेजेमची पोरगी नानी हिलाही पुरलं.

आणि अहमोस-नेफरतारी राणी! दैर अल-बहरीच्याच एका गुप्त भोकातनं 1881 मधे सरकारी लोकांनी घाईघाईत सगळं बाहेर काढलं (गावातल्या एका कुटुंबाला ते दहा वर्षं आधीच माहीत होतं, हळूहळू विकून खायलेते), त्यात तिची पेटी जवळपास पावणेचार मीटर लांब. आत तिच्यासोबत कोण, तर तिसरा रामसेस, तिच्यानंतर तीन-साडेतीनशे वर्षांनी मेलेला राजा. म्हणजे आरएसीचा बर्थ झाला की, एका सीटवर दोघं.

तिसऱ्या रविवारी लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखे चालतात पण प्रोजेक्टर नाही, अर्धा तास अंधारात बसून सरांनी तोंडी सांगितलं. तीये राणीचा भाग त्यामुळं घाईत उरकला, आणि तिची तर गोष्ट सगळ्यात लांब, कारण बहुधा आधी अमार्ना या दुसऱ्या राजधानीत पुरली, मग दरीत आणली, शेवटी 1898 मधे लोरे नावाच्या फ्रेंच संशोधकाला दुसरा अमेनहोतेप राजाच्या थडग्यात दुसऱ्या दोघांशेजारी विनापेटीची पडलेली सापडली. ती तीये हे पक्कं कळलं 2010 मधे डीएनएवरनं, आणि तुतनखामुन राजाच्या थडग्यात सापडलेल्या तिच्या नावाच्या केसांच्या बटेवरनं. तिच्या शेजारी पडलेली बाई तुतनखामुनची आई, पण तिचं नाव अजूनही कुणाला माहीत नाही. हे सगळं फोटोसकट बघायचं होतं.

तक्रारी आणखी दोन. खुर्च्या प्लास्टिकच्या, मागच्या रांगेत एकीचा पाय वाकडा, माझ्या वाट्याला तीच आली. आणि हैदराबादच्या म्युझियममधे निजामाच्या काळात आलेली इजिप्तची एक ममी आहे, आपण मराठवाड्याचे लोक त्याच राज्यात होतो, त्याचा एका शब्दानं उल्लेख नाही, एवढा चांगला धागा हातचा सोडला.

शेवटचा व्हिडिओ मात्र लाईट आल्यावर दाखवला. 3 एप्रिल 2021, कैरोत 22 ममी वाजत-गाजत जुन्या म्युझियमातनं नव्या म्युझियमात नेल्या. त्यात राण्या चार, अहमोस-नेफरतारी, मेरितामून, तीये आणि हत्शेप्सुत (हत्शेप्सुतची ओळख दातावरनं पटवलेली, काही अभ्यासक ते मानत नाहीत). आत्या स्क्रीनकडं बघत म्हणली, "चौघींचंही परत घर बदललं की." सर काही बोलले नाहीत, लॅपटॉप बंद करायलेले.

पाचपैकी चार स्टार. जायचं असेल तर पुढच्या रांगेत बसा आणि चहा घरून पिऊन जा, तिथला फुकट आहे पण नुसती साखर.