एआरटी केंद्र की खासगी डॉक्टर?

एचआयव्हीचं निदान झाल्यावर बहुतेकांना आधी भीती वाटते ती सरकारी एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्राच्या रांगेची. कुणी ओळखीचं भेटलं तर? ही भीती खोटी नाही. खासगी दवाखान्यात वेळ ठरवून जाता येतं, डॉक्टर निवांत बोलतात आणि बाहेर बसलेल्यांना आपला आजार कळत नाही. पैशाची सोय असेल तर एवढ्यासाठी तिकडे जाणं समजण्यासारखं आहे.

पण एचआयव्हीचं औषध आयुष्यभर रोज घ्यायचं आहे. खासगीत गोळ्यांचा खर्च दर महिन्याला, शिवाय व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजणाऱ्या तपासणीला काही हजार रुपये. नोकरी गेली की आधी गोळ्याच बंद होतात, आणि औषधात खंड पडला की विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. एआरटी केंद्रात २००४ पासून औषधं मोफत आहेत. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), व्हायरल लोड, टीबीची तपासणी, समुपदेशन, सगळं त्यातच. गोळी म्हणाल तर टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली. खासगीतही बहुधा हीच लिहून देतात.

माझं मत सरकारी केंद्राकडे झुकतं. गावात ओळखीची अडचण असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव नोंदवण्याबद्दल समुपदेशकाशी बोला. तब्येत स्थिर झाली की एकदम काही महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, फेऱ्या कमी होतात. खासगीतच जायचं असेल, तर एचआयव्हीचे रुग्ण नियमित पाहणारा डॉक्टर शोधा आणि सगळे रिपोर्ट जपून ठेवा. जवळच्या केंद्राची माहिती १०९७ या एड्स हेल्पलाइनवर मोफत मिळते.