'नॅनो' पॅलेडियमची १० ग्रॅमची बाटली: सहा महिने वापरून झाल्यावर

आधी सांगते, मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या आर अँड डी लॅबमध्ये आहे, दिवसभर हायड्रोजनेशन, म्हणजे रेणूला हायड्रोजन जोडायची रिॲक्शन, लावणं आणि फिल्टर करणं एवढंच काम, त्यामुळे हा रिव्ह्यू कुणा प्रोफेसरचा नाही, रोज हात काळे करणाऱ्या बाईचा आहे. कंपनीचं नाव टाकत नाहीये, नवी कंपनी आहे, पोरं मेहनती वाटली, उगाच कशाला. पण बाटलीबद्दल बोलणारच.

माल काय तर हायड्रोजनेशनचा कॅटॅलिस्ट (रिॲक्शन पळवणारा पदार्थ), ५% पॅलेडियम धातू, सिलिकावर (वाळूच्याच जातीची पावडर) बसवलेला, लेबलवर मोठ्ठ्या अक्षरात नॅनो, खाली बारीक अक्षरात हायड्रोजनेशन आणि एनर्जी स्टोरेजसाठी. आमच्या सरांनी कुठल्यातरी एक्स्पोमध्ये स्टॉल बघितला आणि आल्या आल्या म्हणाले अगं इंडेंट टाक, आपलं जुनं पॅलेडियम कार्बन आता बंद करू. परचेसवाल्याने कोटेशन बघून मला फोन केला, "मॅडम, हे सोनं आहे का?" जुन्याच्या सव्वादोन पट भाव.

आता इथेच पहिली गंमत. आमचं नेहमीचं पॅलेडियम ऑन कार्बन, म्हणजे कोळशावरचं पॅलेडियम, १०% आणि ५०% ओलं असतं, म्हणजे बाटलीत निम्मं पाणी, आणि ते १०% लिहिलेलं असतं कोरड्या वजनावर. म्हणजे १० ग्रॅमच्या बाटलीत माल ५ ग्रॅम आणि त्यात धातू अर्धा ग्रॅम. नव्या बाटलीत कोरडा १० ग्रॅम माल ५%चा, म्हणजे धातू पुन्हा अर्धाच ग्रॅम! दोन्हीत पॅलेडियम सारखंच, फरक फक्त ते कशावर आणि कसं बसलंय त्याचा. हे गणित न करता नुसते टक्के बघून भाव ठरवणारे लोक मी बघितलेत, आणि ओल्या मालाचं पाणी न धरता वजन करून "रिॲक्शन स्लो आहे" म्हणणारी एक ट्रेनी पण बघितलीये (ती मीच, पहिल्या वर्षी, दोन दिवस टीएलसी, म्हणजे रिॲक्शन संपली का ते ठिपक्यांवरून (स्पॉट) बघायची टेस्ट, करत बसले होते).

आणि दुसरं म्हणजे हे 'नॅनो' प्रकरण. अहो जुन्या पॅलेडियम कार्बनमध्ये पण धातूचे कण काही नॅनोमीटरचेच असतात, तो काय पॅलेडियमचा भुगा कोळशात कालवलेला नसतो. कण बारीक का हवा तर रिॲक्शन होते फक्त पृष्ठभागावर, २ नॅनोमीटरच्या कणात साधारण निम्मे अणू बाहेरच्या बाजूला असतात आणि २० नॅनोमीटरच्या कणात शंभरातले पाचेक, बाकीचे आत बसून फुकट पगार खातात. मग असे बारीक कण नुसते ठेवले तर ते एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणून त्यांना कार्बन, सिलिका, अ‍ॅल्युमिना असल्या कशावर तरी लांब लांब बसवायचं, तोच सपोर्ट. आयडिया शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत नॉर्मान नावाच्या केमिस्टने तेल घट्ट करायचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं, साबातिये या फ्रेंच केमिस्टला १९१२ मध्ये नोबेल मिळालं ते बारीक धातूवर हायड्रोजनेशन केल्याबद्दलच, आणि आपल्याकडे ज्या डालड्याच्या डब्यात आजीने तुळस लावली होती ते तूप पण निकेलवरच घट्ट झालेलं. तेव्हा कुणी डब्यावर नॅनो लिहिलं नाही एवढंच.

तर बाटली आली. पॅकिंग चांगलं, आत आर्गॉन भरलेला, झाकण घट्ट. सोबत सीओए (त्या बॅचच्या तपासणीचं सर्टिफिकेट) आणि एक टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) फोटो, काळे काळे ठिपके छान पसरलेले, कोपऱ्यात २० नॅनोमीटरची रेघ. बघून बरं वाटलं. चार महिन्यांनी दुसरी बॅच मागवली तेव्हा सीओएवर बॅच नंबर नवा आणि फोटो तोच, ठिपके पण तेच!! मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, डाव्या कोपऱ्यातला जुळा ठिपका सुद्धा जागेवर. फोन केला तर म्हणे मॅडम तो रिप्रेझेंटेटिव्ह आहे. बरं.

पहिली टेस्ट मी सगळ्यांसारखीच केली, पॅरा नायट्रोफिनॉलचं पाणी, त्यात हायड्रोजन पुरवणारं सोडियम बोरोहायड्राइड भरपूर, मस्त हळदीसारखा पिवळा रंग, मग चिमूटभर कॅटॅलिस्ट. यूव्हीवर (प्रकाश किती शोषला ते मोजणारं मशीन) ४०० नॅनोमीटरचा नायट्रोफिनॉलचा पीक खाली खाली येतो आणि ३०० जवळ अमिनोफिनॉलचा वर येतो. पाच मिनिटांच्या आत रंग गायब, सगळे खूष, सरांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला. पण खरं सांगू का, या टेस्टमध्ये सगळेच पास होतात. बोरोहायड्राइड इतकं जास्त असतं आणि नायट्रोफिनॉल इतकं पातळ, की बरा-वाईट कसलाही कॅटॅलिस्ट रंग घालवतो. हे बघून खरेदी करायची म्हणजे शोरूमच्या दारात गाडी स्टार्ट होते बघून गाडी घ्यायची. खरी परीक्षा आपल्या स्वतःच्या रिॲक्शनमध्ये, आपल्या सॉल्व्हंटमध्ये, आपल्या कॉन्सन्ट्रेशनला.

तिथे काय झालं ते सांगते. साधं नायट्रो गटाचं अमाइन (ऑक्सिजन जाऊन हायड्रोजन येतो) करायचं होतं, मिथेनॉल, हायड्रोजनचा फुगा, खोलीचं तापमान. जुन्याला रात्रभर लागायचं, याने तीन तासात स्पॉट संपवला. मान्य, जोरात आहे. सीबीझेड (अमाइन झाकून ठेवायला लावलेला तात्पुरता गट) काढायला पण छान, आणि एक गोष्ट मला मनापासून आवडली ती म्हणजे यील्ड. कार्बन हा शेवटी अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा, तो आपला प्रॉडक्ट पण पिऊन बसतो, मग मिथेनॉलने केक (फिल्टरवर उरलेला कॅटॅलिस्टचा थर) धुवा, पुन्हा धुवा, तरी थोडं जातंच. आमचा एक महागडा इंटरमीजिएट आहे, शेवटच्या स्टेपला आलेला, त्यात सिलिकावाल्याने जवळजवळ सगळं परत दिलं. अशा ठिकाणी सव्वादोन पट भाव वसूल होतो, हे कबूल करावंच लागेल.

पण मग क्लोरो. ब्रोशरमध्ये लिहिलंय "सिलेक्टिव्ह". क्लोरोनायट्रोबेंझीन लावलं, नायट्रो गेला पण क्लोरीन पण सुटायला लागला, जीसीवर (मिश्रणात काय काय आहे ते दाखवणारं मशीन) क्लोरीन गेलेलं साधं अ‍ॅनिलीन हसत उभं. यात बाटलीचा दोष म्हणावा की नाही मला प्रश्न पडतो, पॅलेडियमचा स्वभावच तो, क्लोरीन वाचवायचा असेल तर लोक गंधक लावून मुद्दाम मंद केलेलं प्लॅटिनम वापरतात. दोष लिहिणाऱ्याचा. सिलेक्टिव्ह म्हणजे कशासाठी सिलेक्टिव्ह ते लिहायला काय होतं? लिंडलार म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवरचं पॅलेडियम, शिशाने निम्मं मारलेलं, ते अल्काइनला (तिहेरी बंध) अल्कीनवर (दुहेरी बंध) थांबवतं, तिथे सिलेक्टिव्ह शब्दाला काही अर्थ आहे.

एकदा रिॲक्शन अजिबात गेली नाही, कंपनीला शिव्या घालायला फोन उचललाच होता, मग आठवलं की आधीच्या स्टेपला थायॉल (गंधकाचं संयुग) होतं. गंधकाचा अंश जरी राहिला तरी पॅलेडियम मेलं, कुठल्याही कंपनीचं असो. ती चूक आमची.

अल्कलीमध्ये मात्र जपून. सिलिका गरम कॉस्टिकमध्ये विरघळते, शाळेत शिकलेली गोष्ट, पण ब्रोशरमध्ये पीएच रेंज सात ते बारा टाकलीये. आम्ही दहाच्या पुढे ६० डिग्रीला चालवलं, दुसऱ्या दिवशी फिल्ट्रेट (गाळून खाली आलेलं) राखाडी आणि कॅटॅलिस्टचं वजन कमी.

फिल्ट्रेशनवर तर मी वेगळा निबंध लिहू शकते. पावडर इतकी बारीक की सेलाइटच्या (गाळायला मदत करणारी पावडर) बेडमधून पण खाली उतरते, दोनदा काळं पाणी आलं, मग बेड जाड केला, तर आता फिल्टर होईना, व्हॅक्यूम लावून पाऊण तास उभी. बारीक कण म्हणजे धातूचा कण बारीक हवा, सपोर्टचा दाणा नाही! धातू २ नॅनोमीटरचा ठेवा आणि दाणा ५० मायक्रॉनचा द्या, आम्ही आयुष्यभर नाव घेऊ. एका बॅचचं गरम असतानाच फिल्टर करून बघितलं, कॅटॅलिस्ट काढल्यावर पण फिल्ट्रेटमध्ये रिॲक्शन थोडी पुढे सरकत राहिली, म्हणजे एकतर पॅलेडियम सुटून आलंय नाहीतर कण निसटलेत. औषधवाल्यांसाठी हे वाईट, तोंडाने घ्यायच्या औषधात दिवसाला १०० मायक्रोग्रॅम पॅलेडियम एवढीच मुभा आहे, मग पुढे ते काढायला स्कॅव्हेंजर (धातू धरून ठेवणारा पदार्थ) आणा, आयसीपी (धातू मोजायची टेस्ट) करा, वाचलेले पैसे तिथे गेले.

सेफ्टीचं थोडं. ब्रोशर म्हणतं "नॉन पायरोफोरिक", म्हणजे हवेत आपोआप पेट न घेणारं. सिलिका स्वतः जळत नाही हे खरं, कोळसा जळतो. आमच्याकडे जुन्या पॅलेडियम कार्बनचा केक एकदा बुकनर फनेलवर जास्त वेळ कोरडा ओढला गेला, आधी कडेला एक लाल टिंब दिसलं, शेगडीतल्या निखाऱ्यावर फुंकर मारल्यावर दिसतं तसं, आणि पुढच्या क्षणाला मिथेनॉलची वाफ भप्प. निळसर ज्योत दिवसा दिसत पण नाही नीट. ऑपरेटर दादांनी ओला टॉवेल टाकला म्हणून भुवयांवर निभावलं. पण म्हणून सिलिकावालं निर्धास्त असं समजू नका, हायड्रोजन प्यायलेलं पॅलेडियम आणि मिथेनॉलची वाफ आणि हवा एकत्र आली की सपोर्ट कुठला ते कुणी विचारत नाही. आधी नायट्रोजन, मग कॅटॅलिस्ट, मग सॉल्व्हंट, आणि केक कायम ओला. कोरडी बाटली त्या दृष्टीने मला आवडतच नाही, ओला माल मिळत असेल तर ओलाच घ्या.

आता ते एनर्जी स्टोरेज, ज्याच्यामुळे सरांचे डोळे चमकले होते. पॅलेडियम हायड्रोजन पितं हे खरंच आहे, ग्रॅहम नावाच्या केमिस्टने १८६६ मध्येच दाखवलं, स्वतःच्या आकारमानाच्या नऊशे पट वगैरे. ऐकायला भारी, पण वजनाने बघा, पॅलेडियमच्या एका अणूमागे ०.७ हायड्रोजन धरला तर भरतं जेमतेम ०.६६%. टोयोटा मिराय या हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीच्या टाक्यांमध्ये ७०० बारला साडेपाच किलोच्या वर हायड्रोजन राहतो, तेवढा पॅलेडियममध्ये साठवायचा म्हटला तर साडेआठशे किलो पॅलेडियम लागेल. आमच्या बाटलीत अर्धा ग्रॅम आहे. सरांना हे कागदावर मांडून दाखवलं, सर म्हणाले तसं नसतं गं ते, आणि चहा मागवला.

सपोर्टवरच्या धातूचा साठवणीशी संबंध आहे, पण वेगळ्या वाटेने. टोल्युइनला हायड्रोजन लावून मिथाइलसायक्लोहेक्सेन करायचं, त्यात वजनाच्या सहा टक्क्यांवर हायड्रोजन मावतो, ते पेट्रोलसारखं टँकरमध्ये भरून न्यायचं आणि पोचल्यावर गरम कॅटॅलिस्टवरून हायड्रोजन परत काढायचा. जपानच्या चियोडा कंपनीने २०२० मध्ये असा हायड्रोजन ब्रुनेईतून कावासाकीला नेऊन दाखवला. तिथे परत काढताना साडेतीनशे डिग्रीच्या आसपासची उष्णता लागते, आणि एवढ्या उष्णतेत महिनोन् महिने धातूचे कण एकमेकांना चिकटू न देणं हे सपोर्टचं खरं काम. ब्रोशरमध्ये त्या तापमानाला किती तास टिकलं याची एक ओळ असती तर मी गप्प बसले असते.

रीयूजचं म्हणाल तर पाच वेळा चालतं असा दावा, आमच्याकडे तिसऱ्या वेळी तीन तासाचे सात झाले. आणि वापरून झालेलं विकताना वेगळाच ताप, स्पेंट घेणारा आमचा नेहमीचा माणूस कार्बनवालं जाळून राखेतून पॅलेडियम काढतो, सिलिका जळत नाही म्हणून भाव पाडून मागितला.

पाचापैकी तीन देते. महाग, शेवटच्या स्टेपचा, कार्बनला चिकटणारा प्रॉडक्ट असेल तर घ्या, पीएच न्यूट्रल ठेवा, सेलाइट जाड घाला. रोजच्या नायट्रो रिडक्शनला आमचं ओलं पॅलेडियम कार्बन परत चालू केलंय, परचेसवाला खूष आहे. दुसऱ्या बाटलीत अजून चार-एक ग्रॅम शिल्लक आहे, ती डेसिकेटरमध्ये मागच्या बाजूला ठेवलीये, सर विचारतात तेव्हा पुढे काढते.