नऊ महिने खिशात वागवलेला मेट्रोचा नकाशा : वापरानंतरचा अनुभव

नव्या शहरात आले त्या पहिल्याच दिवशी स्टेशनवर मेट्रोचा घडीचा नकाशा फुकट मिळाला. आज नऊ महिन्यांनी तो घड्यांवर विरलाय, मागून दोनदा चिकटपट्टी लावून झालीये, तरी बॅगेतून बाहेर काढलेला नाही. फोनमध्ये मार्ग सांगणारं अ‍ॅप आहे, पण ते एका वेळी एकच वाट दाखवतं. अख्खं जाळं एका नजरेत बघायचं तर हा कागदच लागतो.

रूढ अर्थाने हा नकाशा म्हणावा की नाही, असा प्रश्न पडतो. यात रस्ते नाहीत, टेकड्या नाहीत, अंतराचं प्रमाण नाही. रंगीत रेघा आहेत, आडव्या, उभ्या नाहीतर ४५ अंशांत तिरप्या. साध्या स्टेशनला बारीकशी खूण, गाडी बदलायच्या स्टेशनला गोल. पहिले दोन महिने मी याच्या प्रेमात होते. तिथली लिपी धड वाचता येत नसतानाही चौथ्या दिवशी दोन गाड्या बदलून मी एकटी ऑफिसला पोचले. डब्यात उभं असताना डोक्यात तीनच प्रश्न असतात : ही कुठल्या दिशेची, अजून किती स्टेशनं, बदलायची कुठे? त्या तिन्हींची उत्तरं दोन सेकंदांत मिळायची.

ही पद्धत लंडनच्या हॅरी बेकची. तो भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात ड्राफ्ट्समन होता. त्याच्या आधीचे लंडनचे नकाशे भूगोलाला धरून असत, त्यामुळे मध्यवर्ती भागात नावांची खेचाखेच आणि उपनगरांकडे कागद नुसता मोकळा. बेकने १९३१मध्ये मधला भाग फुगवला, कडेचा आवळला आणि रेघा सरळ केल्या. जमिनीखालून जाणाऱ्याला वरचे रस्ते कशाला हवेत, असा त्याचा विचार. आधी हे फारच धाडसी ठरवून परत पाठवलं गेलं. जानेवारी १९३३मध्ये खिशात मावणारा नकाशा छापून निघाला आणि लोकांनी उचलून धरला. (जॉर्ज डाऊने १९२९मध्येच लंडनच्या उपनगरी रेल्वेसाठी सरळ रेघांच्या आकृत्या केल्या होत्या. त्याचंही नाव घ्यायला हवं, ते फार कमी वेळा घेतलं जातं.)

तिसऱ्या महिन्यात मात्र पहिला धक्का बसला. दर शनिवारी मी ग्रंथालयात जायला एकदा गाडी बदलून पाच स्टेशनं जात होते. एक सहकारी म्हणाली, अगं, तुझ्या घराजवळच्या स्टेशनपासून ते चालत आठ मिनिटांवर आहे. नकाशात ती दोन स्टेशनं वीतभर लांब दिसतात, आणि मला शंकाही आली नव्हती. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअर ते कव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम अडीचशे मीटर आहे, पण नकाशावर ते इतर कुठल्याही दोन स्टेशनांसारखंच दिसतं. २०११मध्ये लंडनच्या प्रवाशांवरचा एक अभ्यास आला, त्यात मार्ग निवडताना प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा नकाशावर दिसणाऱ्या लांबीचा प्रभाव जास्त आढळला. ते वाचलं आणि माझे सगळे शनिवार आठवले. २०१५मध्ये लंडनने स्टेशना-स्टेशनांमधली चालायची मिनिटं लिहिलेला वेगळा नकाशा काढला. तो प्रत्येक शहरात असायला हवा, वेगळा नको, मुख्य नकाशातच.

सहाव्या महिन्यात आई आली, तेव्हा गोलांचा खरा अर्थ कळला. आईचे गुडघे दुखतात, म्हणून एकदाच गाडी बदलायचा मार्ग मी मुद्दाम निवडला. उतरल्यावर लांबलचक बोगदा, मग जिना, मग आणखी एक जिना. सरकता जिना नव्हताच. आई मध्येच कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "नकाशात तर एवढीशी टिकली दिसतेय गं. मग हे एवढं चालणं कुठून आलं?" मला उत्तर देता आलं नाही. एका टिकलीत सात मिनिटांची चाल आणि चौऱ्याण्णव पायऱ्या लपल्या होत्या. शेजारच्या स्टेशनवर बदललं असतं तर समोरच्याच फलाटावर दुसरी गाडी मिळाली असती, पण नकाशात दोन्ही गोल अगदी सारखे. या नकाशाबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे आणि ती मी लेखी कळवलीही आहे.

आईला तिथली लिपी येत नव्हती. ती रंग आणि स्टेशनांची संख्या लक्षात ठेवायची : "हिरवी, सहावं." मेक्सिको सिटीत १९६९ला मेट्रो सुरू झाली तेव्हा लान्स वायमन या डिझायनरने प्रत्येक स्टेशनला नावासोबत चित्र दिलं, चापुल्तेपेकला नाकतोडा आहे. टोकियोने २००४पासून स्टेशनांना अक्षर आणि आकडा दिला. आमच्या नकाशात यातलं काहीच नाही. हिरवी आणि तपकिरी रेघ शेजारून जाते, तिथे रंग नीट न ओळखता येणाऱ्याचे हाल होतात, आणि साधारण बारा पुरुषांत एकाला हा त्रास असतो.

म्हणजे भूगोलाचा खरा नकाशाच बरा का? नऊ महिन्यांनंतरही मला तसं वाटत नाही. न्यूयॉर्कने दोन्ही करून पाहिलं. १९७२मध्ये मास्सिमो विन्येल्ली या डिझायनरची देखणी आकृती आली. चार किलोमीटर लांब आणि आठशे मीटर रुंद सेंट्रल पार्क तिच्यात जवळजवळ चौकोनी होतं, पाणी निळ्याऐवजी फिकट पिवळट. लोक चिडले, १९७९मध्ये भूगोलाकडे झुकणारा नकाशा आला आणि चार दशकांहून जास्त टिकला. २०२५मध्ये पुन्हा आकृतीच आली. लंडनचे रस्ते वेडेवाकडे, शहराचा आकार कुणाच्या डोक्यात पक्का नसतो, म्हणून बेकला सूट मिळाली असावी. न्यूयॉर्कच्या मध्यभागी, मॅनहॅटनमध्ये, रस्त्यांना आकडे आहेत, तिथे चूक लगेच डोळ्यांत भरते.

लंडनकरांनीही एक गोष्ट सोडली नाही : नदी. २००९च्या सप्टेंबरमध्ये नकाशावरून थेम्स काढली, तर इतकी ओरड झाली की डिसेंबरमध्ये ती परत आली. आमच्याही नकाशात नदीची एक निळी पट्टी आहे. सुरुवातीला ती नुसती शोभेची वाटली होती. आता स्टेशनातून वर आल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, नदीच्या अलीकडे की पलीकडे? तेवढं कळलं की पाय आपोआप वळतात.

पाचपैकी साडेतीन देते. कापलेला दीड गोलांचा आणि न दाखवलेल्या चालायच्या वाटांचा.

गेल्या आठवड्यात नवी आवृत्ती आली. एक लाइन दोन स्टेशनं पुढे गेली आहे, गोल आहेत तसेच. जुन्या कागदावर मी पेन्सिलीने लिहिलेली मिनिटं आणि पायऱ्यांचे आकडे रविवारी बसून नव्यावर उतरवून घेतले. चौऱ्याण्णव पायऱ्यांच्या गोलावर लाल फुली मारली आहे. आई दिवाळीनंतर परत येतेय.