जळगावच्या सभागृहातील प्रोजेक्टरचे स्वयंचलित वेळापत्रक

जळगावातील आमच्या सभागृहाच्या प्रोजेक्टरसाठी आम्ही रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, यूएसबी-सिरीयल अडॅप्टर आणि लिनक्समधील क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) अशी जोडणी वापरतो, आणि ती मी मनापासून सुचवेन. ठरलेल्या वेळी आरएस-२३२ या सिरीयल जोडणीच्या केबलवरून चालू किंवा बंद करण्याची कमांड जाते. आमच्या प्रोजेक्टरला ९६०० बॉड (संदेशाचा वेग), ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट आणि पॅरिटी (चूक तपासणारा बिट) नाही अशी मांडणी लागते, आणि यातले एक जरी चुकले तरी पडदा काळाच राहतो. कमांड पाठवून समाधान मानू नये. प्रोजेक्टरकडून आलेले उत्तर वाचल्यावरच काम झाले असे धरावे.

खान्देशात खरी परीक्षा विजेची असते. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, त्यामुळे वीज परतल्यावर इंटरनेट नसेल तर वेळ मागे पडते आणि सगळे वेळापत्रक कोलमडते. म्हणून डीएस३२३१ घड्याळाचे मॉड्यूल जोडायलाच हवे. मे महिन्यातील उन्हात तर प्रोजेक्टर बंद करण्याचे काम भिंतीवरच्या बटणाकडे मुळीच देऊ नये, कारण त्याने वीज एकदम तुटते आणि दिवा विझल्यावरही आतला पंखा काही वेळ फिरत राहणे गरजेचे असते. केबल १५ मीटरच्या आत ठेवावी.